पसंती कोणाची? : मराठी पडद्यावरील प्रेमकथांचा आढावा

इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांची जी रूपककथा सांगितली आहे, तिच्यात रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागोमाग ही वधू देशोदेश हिंडते, प्रत्येक देशी त्याचे मन वळविण्यासाठी निराळा वेष, निराळे नृत्य आणि निराळी वाणी धारण करते, आणि अखेरीस विदर्भातील वत्सगुल्म नामक नगरात, ज्याला ग्रंथकाराने मदनाचे क्रीडास्थान असे गौरविले आहे, त्या दोघांचा गांधर्वविवाह होतो. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या ज्या शाखेची ही राजधानी होती, तिचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता, आणि सत्यभामेचा रुसवा काढण्यासाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणल्याची कथा त्याने 'हरिविजय' या प्राकृत काव्यात गायिली होती. राजशेखराचा स्वतःचा संसारही या संदर्भात स्मरणीय आहे. तो ब्राह्मण आणि त्याची पत्नी अवंतिसुंदरी चाहमान कुळातील क्षत्रिय कन्या. तिची काव्यविषयक मते त्याने आपल्या ग्रंथात नावानिशी नोंदविली आहेत, आणि 'कर्पूरमंजरी' हे सट्टक तर तिच्याच इच्छेवरून रंगभूमीवर आले.

मानोरा हे याच वाशीम जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या हिशोबात ज्याचे वर्ष सरते, अशा या गावातून रुपेरी पडद्यावरील प्रेमकथांकडे पाहताना ही पुराणी पार्श्वभूमी मनातून जात नाही. कारण विदर्भाच्या जितक्या म्हणून जुन्या प्रेमकथा आहेत, त्या सर्वांत पहिले पाऊल कन्येने उचललेले आहे. रुक्मिणीने भावाने ठरविलेले शिशुपालाचे स्थळ नाकारले आणि आपण होऊन द्वारकेला पत्र धाडले. दमयंतीने स्वयंवरमंडपात नलाचेच रूप घेऊन बसलेल्या देवांना डावलून खऱ्या नलाच्या गळ्यात माळ घातली. महानुभाव कवी नरेंद्रापासून एकनाथांपर्यंत आपल्या कवींनी रुक्मिणीचे स्वयंवर पुनःपुन्हा गायिले, आणि घरोघरी उपवर मुलींनी योग्य वर मिळावा म्हणून त्या पोथीची पारायणे केली. पोथीतल्या मुलीने वर स्वतः निवडला होता. पोथी वाचणाऱ्या मुलीला मात्र निवडीचा अधिकार क्वचितच मिळाला. मराठी पडद्यावरील प्रेमकथांची परीक्षा करताना प्रस्तुत लेखकाने हीच विसंगती कसोटी म्हणून हाती धरली आहे. नायक-नायिका देखणी आहेत की नाहीत, गाणी गोड आहेत की नाहीत, हे प्रश्न गौण होत. कथेत स्त्रीची पसंती विचारली गेली का, आणि ती सांगितल्याबद्दल तिला काय मोजावे लागले, हे चित्रपटाने प्रामाणिकपणे दाखविले का, हा खरा प्रश्न होय.

चित्रपट आमच्या मुलखात कोणत्या वाटेने आला, हेही येथे सांगितले पाहिजे. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली गेला, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला आणि १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. राज्यकारभाराच्या दफ्तरातून 'सी. पी. अँड बेरार' हे नाव केव्हाच गेले. परंतु चित्रपटांच्या वितरण-व्यवसायाने ते आजतागायत जपून ठेवले आहे. हिंदी चित्रपटांचे हक्क विकताना विदर्भाचा मुलूख अजूनही 'सी. पी. बेरार' या स्वतंत्र विभागात मोडतो, तर पुणे-कोल्हापूर मुंबई विभागात. परिणामी मराठी चित्रपट निर्माण झाला कोल्हापुरात आणि पुण्यात, त्याचा हुकमी प्रेक्षकही तिकडचाच मानला गेला, आणि वऱ्हाडच्या वाट्याला प्रामुख्याने हिंदी चित्रपट आले. यात्रेच्या मैदानावर तंबू ठोकून, मालमोटारीवर यंत्र चढवून आणि कापडी पडद्याभोवती गाव गोळा करून खेळ करणाऱ्या टुरिंग टॉकीजनी खेड्यापाड्यांना चित्रपट दाखविले, ही महाराष्ट्राच्या लोकजीवनातील लहान घटना नव्हे. २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरविल्या गेलेल्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाने त्या मावळत्या व्यवसायाचे मनोज्ञ चित्रण केले आहे. तथापि आमच्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांनी प्रेमाची भाषा पडद्यावर ऐकली ती बहुधा हिंदीत, आणि घरी येऊन मात्र त्यांना वऱ्हाडीत वा बंजारा समाजाच्या गोरमाटी बोलीत बोलावे लागले. या दुभंगाचे परिणाम पुढे पाहू.

मराठी बोलपटाला प्रेमकथेचा वारसा लाभला तो रंगभूमीकडून. अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८२ चे 'सौभद्र' आणि गोविंद बल्लाळ देवलांचे १८९९ चे 'शारदा' ही दोन नाटके म्हणजे त्या वारशाचे दोन प्रवाह होत. सुभद्रेला हवा तो वर मिळावा म्हणून साक्षात् श्रीकृष्ण कारस्थान रचतो. शारदेला मात्र पैशाच्या लोभाने जरठाच्या गळ्यात बांधण्याचा घाट तिचा बापच घालतो. एका नाटकात इच्छा सफल होण्याचा आनंद आहे, दुसऱ्यात इच्छाच न विचारली जाण्याचा आक्रोश आहे. मराठी पडदा वरचेवर दुसऱ्या प्रवाहाकडे वळला, आणि त्याची श्रेष्ठ कामगिरी तिथेच झाली, असे माझे मत आहे.

त्या कामगिरीचा आरंभ 'कुंकू'ने झाला. प्रभात फिल्म कंपनीने १९३७ मध्ये काढलेला आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला होता. मामाने फसवून एका वृद्ध वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला लग्न मानण्याचेच नाकारते. ती पळून जात नाही, विष घेत नाही, दुसऱ्या कोणा तरुणाच्या आधाराची वाट पाहत नाही. त्याच घरात राहून, त्याच उंबरठ्यावर उभी राहून ती आपला नकार दिवसेंदिवस बजावीत राहते. शांता आपटे यांचा तो करारी चेहरा आणि केशवराव दाते यांचे हळूहळू वितळत गेलेले काकासाहेब यांच्यामधील झगड्यात रूढ अर्थाने प्रेम नाही. तरीही प्रेमकथांच्या आढाव्यात पहिले स्थान मी या चित्रपटाला देतो, कारण नकाराचा अधिकार जिला नाही, तिच्या होकाराला अर्थ राहत नाही, हे तत्त्व मराठी पडद्याने इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी मांडले नव्हते. काकासाहेबांची सुधारक विचारांची मुलगी शकुंतला परांजपे यांनी उभी केली होती. पुढे संततिनियमनाच्या कार्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. शेवट मात्र तडजोडीचा आहे. नीरेची सुटका तिच्या हक्काने होत नाही, वृद्धाच्या आत्मत्यागाने होते. १९३७ साली हिंदू विवाहातून बाहेर पडण्याची कायदेशीर वाट स्त्रीसाठी जवळजवळ नव्हतीच, आणि कथाकाराला मृत्यूवाचून दुसरा मुनसफ सापडला नाही.

दोनच वर्षांनी आलेला 'माणूस' याहून धाडसी होता. बरुआंच्या 'देवदास'ने साऱ्या देशातील तरुणांना विफल प्रेमाच्या कैफात बुडविले असता शांतारामांनी एक साधा पोलीस हवालदार आणि धाडीत सापडलेली एक वेश्या यांची कथा सांगितली. गणपत मैनेला आईच्या पायांवर घालण्यास नेतो, आणि मैना त्या घराच्या पावित्र्याने इतकी भांबावून जाते की तिला आत पाऊल टाकवत नाही. हा प्रसंग शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी ज्या संयमाने साकारला आहे, त्याला तोड मिळणे कठीण. प्रेमात हरलेल्या पुरुषाने दारूत बुडून मरावे, या कल्पनेला या चित्रपटाने सरळ विरोध केला. प्रेम गेले तरी कर्तव्य उरते आणि माणसाने जगलेच पाहिजे, असे सांगणारी प्रेमकथा आपल्या पडद्यावर १९३९ मध्ये आली होती, हे आज फारसे कोणी आठवीत नाही.

त्याच सुमारास मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे यांच्या 'ब्रह्मचारी'ने प्रेमाला विनोदाची वाट मोकळी करून दिली आणि मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोषाखाने खळबळ उडविली. हा मध्यमवर्गीय विनोदी प्रेमकथांचा धागा पुढे राजा परांजपे-राजा गोसावींच्या 'लाखाची गोष्ट'पर्यंत आणि आणखी पुढे सचिनच्या चित्रपटांपर्यंत गेला. ते चित्रपट प्रसन्न आहेत, पुन्हा पाहावेसे वाटतात. आपल्या प्रश्नाविषयी त्यांना फारसे काही सांगायचे नाही.

तमाशापटांविषयी मात्र विस्ताराने बोलले पाहिजे, कारण मराठी पडद्यावर दीर्घकाळ शृंगाराचा मुख्य मुक्काम फडावरच राहिला. 'रामजोशी'त कीर्तनकाराच्या घराण्यातील ब्राह्मण शाहीर आणि फडावरची बया यांच्या प्रेमामुळे जातीची भिंत हलते, आणि हंसा वाडकरांच्या अभिनयात त्या स्त्रीची विद्वत्ता व मान दोन्ही दिसतात. १९४७ साली हे पुष्कळच होते. पंचवीस वर्षांनी आलेल्या 'पिंजरा'ने मात्र, लागूंचा अभिनय आणि राम कदमांचे संगीत यांच्या सर्व वैभवासह, ही वाट उलट दिशेने वळविली. तेथे फडावरची स्त्री म्हणजे सापळा आणि सत्शील मास्तर म्हणजे त्यात अडकलेला जीव. तिची स्वतःची ओढ, तिचा पश्चात्ताप, तिचे अखेरचे मौन, हे सारे मास्तरांच्या अधःपाताच्या कथेत पुरवणीसारखे येते. चित्रपट अजरामर झाला, आणि त्याच्या लोकप्रियतेने एक अन्यायही दृढ केला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या लावणी जिवंत ठेवली, त्यांना प्रेम करण्याचा नव्हे, केवळ भुलविण्याचा अधिकार मराठी पडद्याने दिला.

आता मराठी पडद्याच्या त्या बळाकडे वळू, ज्याला बाहेरच्या रसिकांनी प्रेमकथा असे नाव क्वचितच दिले. विवाहानंतरचे प्रेम हा आपल्या चित्रपटांचा फार जुना विषय आहे. 'संत तुकाराम' हा १९३६ चा चित्रपट भक्तिपट म्हणून जगभर नावाजला गेला. परंतु त्यातील जिजाई नवऱ्यावर संतापते, विठ्ठलाला बोल लावते, मुलांच्या भुकेचा तगादा लावते आणि तरीही त्याच्यासाठी भाकरी घेऊन निघते, तेव्हा पडद्यावर जे दिसते त्याला प्रेमाखेरीज दुसरे काय म्हणावे? राजा परांजपे यांच्या १९५४ च्या 'ऊन पाऊस'मध्ये निवृत्त शिक्षक आणि त्याची पत्नी यांना मुले वाटून घेतात, आणि आयुष्यभर एका छपराखाली राहिलेल्या त्या दोघांची ताटातूट नवतरुणांच्या विरहाहून अधिक हृदयद्रावक होते. याच वेदनेला १९९८ मध्ये संजय सूरकरांनी 'तू तिथे मी'त नवे रूप दिले. 'अनुमती'त मृत्युशय्येवरील पत्नीच्या श्वासांसाठी दारोदार हिंडणारा वृद्ध विक्रम गोखले यांनी असा उभा केला की राष्ट्रीय पारितोषिकानेही त्याची पुरती पावती दिली असे वाटू नये. भालजी पेंढारकरांच्या १९६५ च्या 'साधी माणसं'मध्ये लोहाराच्या भात्याशी आणि ऐरणीशी नवराबायको एकत्र राबतात, आणि 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकरांनी दिलेल्या संगीतात त्या श्रमाचाच ठेका आहे.

या परंपरेत वऱ्हाडचा वाटा दोन ठिकाणी ठळक आहे. राजदत्त यांच्या 'अरे संसार संसार'साठी अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांनी तिफणीचे जे गीत लिहिले, त्यात काळ्या रानात पेरणी करणारे जोडपे वऱ्हाडी बोलीच्या अस्सल गोडव्यासह आले, आणि मृगाच्या तोंडावर आमच्याकडे ते अजून गुणगुणले जाते. दुसरे ठिकाण सतीश मनवर यांचा २००९ चा 'गाभ्रीचा पाऊस'. या चित्रपटाची गणना शेतकरी-आत्महत्यांवरील चित्रपटांत होते, आणि ते रास्तच आहे. परंतु त्याचा गाभा एका बायकोच्या काळजीत आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाच्या मनात धसका बसतो की आपला किसनाही त्याच वाटेने जाईल. म्हणून ती त्याच्या मागे मुलाला पाठविते, त्याच्यावर नजर ठेवविते, त्याच्या आवडीचे रांधते, आणि यातले काही त्याला कळू नये याची खबरदारी घेते. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य त्या घरात उच्चारले जाणे अशक्य आहे. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांच्या त्या संसारात यवतमाळ-वाशीमच्या कोरडवाहू गावातील असंख्य घरे स्वतःला ओळखतील. कर्जाच्या नोटिसा आणि पावसाची वाट यांच्यामध्ये माणसे एकमेकांवर कशी माया करतात, याचा इतका खरा दस्तऐवज मराठीत दुसरा नाही.

कसोटीच्या प्रश्नाकडे परत येऊ. 'कुंकू'तील नकारानंतर स्त्रीने स्वतःहून होकार देण्याचा प्रसंग मराठी पडद्यावर निर्भयपणे आला तो चाळीस वर्षांनी, आणि तोही पांढरपेशा वस्तीपासून दूर, ठाकरवाडीत. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये केलेल्या 'जैत रे जैत'मधील चिंधी नको असलेला नवरा सोडते आणि नाग्याला आपला म्हणून निवडते; समाजाची त्यासाठी जी वहिवाट आहे ती ती पुरी करते आणि ताठ मानेने त्याच्या घरी येते. स्मिता पाटील यांची ती चिंधी रुक्मिणीच्या कुळातली आहे. पुढे 'मुक्ता'त पटेलांनीच दलित तरुण आणि मराठा घरातील मुलगी यांच्या नात्यातून जातीचा प्रश्न उघडपणे विचारला, आणि राजीव पाटील यांच्या 'जोगवा'ने यल्लम्माला वाहिलेल्या दोन जीवांना, ज्यांना देवाच्या नावाने देहाची इच्छाच नाकारली गेली होती, एकमेकांकडे पाहण्याचे धैर्य दिले. उपेंद्र लिमये यांचा साडीतील तायाप्पा आणि मुक्ता बर्वे यांची सुली ही मराठीतील सर्वांत असामान्य प्रेमी जोडी म्हणावी लागेल.

दरम्यान आमच्या मुलखात प्रेमाचे शिक्षण देणारी शाळा हिंदी चित्रपटांचीच होती. 'मुघल-ए-आझम', 'बॉबी', 'एक दुजे के लिये', 'कयामत से कयामत तक', 'मैने प्यार किया' या चित्रपटांनी तरुण मनांना जे स्वप्न दिले त्याचे मोल मी कमी लेखीत नाही. रूढीने जखडलेल्या गावात प्रेम हा गुन्हा नसून गौरव आहे, एवढे तरी त्यांनी सांगितले. १९९५ मध्ये लागलेला आणि मुंबईच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षे चाललेला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' पाहिला असता मात्र एक गोष्ट खटकते: नायिकेची इच्छा पहिल्या अर्ध्यातच स्पष्ट झाली असूनही उरलेला सारा चित्रपट तिच्या बापाची परवानगी मिळविण्यात जातो, आणि बापाने हात सोडला तरच ती धावू शकते. याहून गंभीर दोष त्या असंख्य चित्रपटांत आहे, ज्यांत नायक मुलीची वाट अडवितो, पाठलाग करतो, तिच्या नकाराला लाडिक रुसवा समजतो, आणि शेवटी त्या चिकाटीचे बक्षीस म्हणून ती त्याला मिळते. फेब्रुवारी २०२० मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले, आणि वृत्तपत्रांनी त्या अमानुष कृत्याचा उल्लेख 'एकतर्फी प्रेम' या शब्दांनी केला. अशा कृत्यांची जबाबदारी कृत्य करणाराचीच आहे, चित्रपटाची नव्हे. तथापि मुलीचा नकार म्हणजे अपमान, ही समजूत समाजात इतकी खोल रुजली असता, पडद्याने तिला खतपाणी घालावे, हे क्षम्य नाही.

एकविसाव्या शतकात मराठी चित्रपटाने या बाबतीत हिंदीला मागे टाकले, हे मी अभिमानाने नमूद करतो. 'मुंबई-पुणे-मुंबई'त मुलगी स्थळ नाकारायलाच आलेली असते, आणि दोन माणसे दिवसभर बोलतात एवढ्यावर सतीश राजवाडे यांनी सारा चित्रपट तोलून धरला. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरील 'शाळा'त आणीबाणीच्या काळातील नववीतला मुलगा प्रेम म्हणजे काय याचा विचार करू लागतो, आणि तो विचारच प्रेमाहून सुंदर वाटतो. 'टाइमपास'ने तोच विषय हलक्याफुलक्या रीतीने मांडून गर्दी खेचली. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्या शालूवर दुरून प्रेम करतो. ती त्याच्याशी बोलतही नाही, आणि त्याला तिच्याकडून काही मागायचेही धाडस होत नाही. हेही एकतर्फी प्रेमच आहे, परंतु त्यात हक्काची भाषा नाही, आणि शेवटी त्याचा दगड भिरकावला जातो तो मुलीवर नव्हे, डुकरामागे धावणाऱ्या त्याच्या कुटुंबाला पाहून हसणाऱ्या गावावर. एवढा फरक एखाद्या दिग्दर्शकाला कळला की तो मोठा ठरतो.

त्याच दिग्दर्शकाचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि १०० कोटींच्या वर व्यवसाय करून त्याने मराठी चित्रपटाचे गणितच बदलले. 'सी. पी. बेरार'ची जुनी सरहद्द त्याने जणू पुसून टाकली. आमच्याकडील लग्नांच्या वरातींत आणि पोळ्याच्या मिरवणुकींत अजय-अतुल यांची गाणी त्या वर्षी वाजली, आणि अजून वाजतात. परंतु गाण्यांच्या तालावर नाचणारांपैकी कितीजणांनी त्या चित्रपटाचा उत्तरार्ध मनावर घेतला, हा प्रश्न मला छळतो. पूर्वार्धात आर्ची बुलेट चालविते, ट्रॅक्टर हाकते, आपणच आधी आपली पसंती सांगते, आणि तिच्या त्या बिनधास्तपणाला पाटलाच्या वाड्याचे पाठबळ आहे. प्रियकर पार्श्यासोबत पळून हैदराबादेस गेल्यावर ते पाठबळ सरते. झोपडपट्टीतल्या खोलीत दुर्गंधीने तिला झोप येत नाही, कारखान्यात उभे राहून पाय भरून येतात, आईची आठवण आवरत नाही, पार्श्याचा संशय सोसावा लागतो, आणि तरीही ती परत जाऊन पुन्हा स्वतःच्या निर्णयाने माघारी येते. करमाळ्याच्या मुलीने केलेली ही निवड पहिल्या निवडीहून मोठी आहे, कारण या वेळी तिला निवडीची किंमत ठाऊक आहे. त्यानंतर जे घडते ते ध्वनीविना दाखविण्याचा मंजुळे यांचा निर्णय भारतीय चित्रपटाच्या इतिहासात राहील. हिंदीत 'धडक' नावाने त्याची जी नक्कल झाली, तिच्यात जात जवळजवळ वगळली गेली. म्हणजे कथा राहिली आणि कारण गेले.

हे कारण दूरचे नाही. विशेष विवाह कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे, आंतरजातीय विवाह करणाऱ्या दांपत्याला योजनेच्या अटींनुसार शासनाकडून ५०,००० रुपयांचे साहाय्य मिळते, आणि तरीही त्या कायद्याखाली ३० दिवसांची जी जाहीर नोटीस लागते, ती कचेरीच्या फलकावर लागताच दोन्ही घरांत कल्लोळ उसळतो. येथे आमच्याच परिसरातील एक सत्यकथा सांगणे उचित होईल. मानोऱ्यापासून फार दूर नसलेल्या पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा गावचे वसंतराव नाईक, जे पुढे ११ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, त्यांनी १९४१ मध्ये नागपूरच्या ब्राह्मण घराण्यातील वत्सला घाटे यांच्याशी विवाह केला. तांड्यातला मुलगा आणि घाट्यांची मुलगी! दोन्हीकडच्या समाजांनी तेव्हा डोळे वटारले, आणि त्या दोघांनी संसार निभावून दाखविला. 'सैराट'च्या पाऊणशे वर्षे आधी घडलेली ही घटना आमच्या मुलखातील तरुणांना ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते. प्रेमविवाहाचा शेवट रक्तातच होतो असे नाही, हेही त्यांनी जाणले पाहिजे.

अलीकडच्या दोन चित्रपटांनी हा आढावा पुढे नेला आहे. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यातील प्रेम या चित्रपटाने कोणताही गाजावाजा न करता, गुरे राखण्याच्या आणि दुपारच्या उन्हाच्या गतीने उलगडले आहे. दोन पुरुषांच्या प्रेमाला मराठी खेड्यात जागा आहे, एवढे म्हणायलाही धैर्य लागते. ते धैर्य आनंदच्या आईला दिले आहे, ही त्या चित्रपटाची थोरवी.

दुसरा चित्रपट जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ'. तो सर्वस्वी विदर्भाचा आहे: चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात, तेथल्याच माणसांना घेऊन, तेथल्याच बोलीत तो केला गेला, २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात त्याला 'नेटपॅक' पारितोषिक मिळाले, आणि ७ मार्च २०२५ रोजी तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभी बायकांचा घोळका पाटावर बसलेल्या मुलाला नाव, शिक्षण, उंची विचारीत आहे. क्षणभराने कळते की ते सविताचे स्वप्न आहे. मग खरोखरीचे पाहुणे येऊ लागतात. तेच पोहे, तोच पाट, तेच प्रश्न. तिला स्पर्धापरीक्षा द्यायची आहे, आणि बाहेर कापसाचा भाव पडलेला असल्यामुळे हुंड्याची रक्कम कशी उभी करावी या विवंचनेत तिचा बाप खचत चालला आहे. प्रेमकथा म्हणावी असे येथे फार थोडे आहे. तरी 'कुंकू'तील नीरेपासून जो प्रश्न मराठी पडद्यावर चालत आला, तो इतक्या नेमकेपणाने, आमच्या गावच्या ओसरीवर, आमच्या शब्दांत, प्रथमच विचारला गेला. वऱ्हाडातील कोणत्या घरात हा प्रसंग घडला नाही? रंग सावळा म्हणून, उंची कमी म्हणून पाहुण्यांनी नंतर 'कळवतो' म्हणून सांगितले आणि मुलीने कपबशा उचलून आत नेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि बहुतेकांनी पाहुणे म्हणून ते केलेही आहे.

उणीव राहते ती आणखी एका ठिकाणी. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे क्षेत्र. रामनवमीला तेथे देशभरातून बंजारा समाज लोटतो, आणि २०२४ मध्ये त्या समाजाच्या वारशाचे संग्रहालयही तेथे उभे राहिले. तांड्याच्या होळीतील लेंगी, सासरी निघालेल्या मुलीने गळा काढून गायिलेला ढावलो, ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने परमुलखात जाणारी तरुण जोडपी, यांत प्रेमकथेची केवढी सामग्री पडून आहे! मराठी पडद्याने बंजारा स्त्रीला बहुधा आरशांच्या घागऱ्यात एका नृत्यापुरती बोलावले. तिची पसंती, तिचा नकार, तिची गोरमाटी बोली यांना मुख्य स्थान देणारा चित्रपट आमच्या मुलखातून निघाला पाहिजे, आणि तो काढणारा तरुण वा तरुणी तांड्यातूनच यावी. मोबाईलने चित्रीकरणाचे साधन आता हातात दिले आहे. उशीर आहे तो आपल्या धारिष्ट्याचा.

वाचकांना एक विनंती आहे. घरात लग्नाची बोलणी सुरू असतील, तर पाहुण्यांना निरोप धाडण्यापूर्वी 'स्थळ' हा चित्रपट मुलीला शेजारी बसवून पाहावा, आणि तो संपल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपले मत सांगण्याआधी तिचे विचारावे.